जाळीपलीकडची हिरवळ

आयुष्यभर लोकांच्या परसात खेळाची मैदानं तयार करणाऱ्या त्या कारागीर बाईंनी अखेर आपल्याच परसात, लेकीसाठी टेनिसचं कोर्ट तयार केलं. हिरवळ प्लास्टिकची, पण सांधा कुणी शोधून दाखवावा! सकाळच्या उन्हात पातं न् पातं ताठ उभं पाहून त्यांचा ऊर अभिमानानं भरून आला.

फक्त जाळीपलीकडे दोन पावलांच्या ठशांसारखी पाती दबली होती. त्यांनी ब्रशनं ती उभी केली. त्यांच्या डोळ्यांदेखत ती सावकाश पुन्हा दबली.

"आई, मारू?" लेकीनं अलीकडून विचारलं.

"थांब जरा," त्या म्हणेपर्यंत चेंडू सुटलाही होता.

दबलेली पाती उठली. हातभर डावीकडे दुसरी दबली. आणि चेंडू जाळीवरून परत आला, लेकीच्या रॅकेटवर बसेल इतका अलगद.