आमच्या इंजिनातला शॉर्ट

आमचे हे निवृत्त झाले आणि टेबलभर रूळ घालून छोटी आगगाडी घरात आली. गाडी नीट धावत असली की यांना करमत नाही. मग स्वयंपाकघरात येऊन मला कांदा चिरायला शिकवतात. इंजिन शॉर्ट झालं की मात्र मीटर आणि भिंग घेऊन दार लावून बसतात. घर कसं शांत!

हे मला कळलं ते चुकून. एकदा मी तारेच्या घासणीने रूळ चकचकीत केले. तिचा केसाएवढा तुकडा इंजिनाच्या मोटारीतल्या लोहचुंबकाने ओढून घेतला, आणि तो शोधण्यात यांचे सात दिवस गेले. तेव्हापासून सल्ले फार वाढले की घासणीचा एक तुकडा मी हळूच इंजिनात सोडते. आतापर्यंत दहा वेळा सोडला.

"सापडला का हो शॉर्ट?" मी रोज काळजीच्या सुरात विचारते.

"फार अवघड आहे गं. आज भाजी तूच आण," आतून उत्तर येतं.

काल हे आंघोळीला गेले असताना पक्कड हवी म्हणून मी यांचा हत्यारांचा डबा उघडला. आत एका पुठ्ठ्यावर घासणीचे अकरा तुकडे चिकटपट्टीने ओळीत लावले होते आणि प्रत्येकाखाली शोधायला लागलेला वेळ लिहिला होता.

पहिल्याखाली, 'सात दिवस'. बाकी दहांखाली, 'दोन मिनिटं'.