साहेबाचं भाषण

माहा नातू मंदार पुसदच्या ज्या हापिसात हाये, तिथल्या साहेबाले दुसऱ्याचं बोलणं पुरं आयकाची सवयच नाही. परवा त्यानंच हापिसाच्या हॉलात साऱ्यायले बसवून, डोळे मिटून 'ऐकण्याचं महत्त्व' यावर भाषण सुरू केलं. तेवढ्यात त्याच्या टेबलाखालून मनगटाएवढा जाड नाग निघाला.

"साहेब, तुमच्या पायाशी..." हापिसातली कुंदाबाई ओरडली.

"मधात बोलू नका! समजते मले सगळं."

"अहो साहेब, पाहा त खरं..." मंदार म्हणे.

"बस म्हणलं ना!"

मंग कायले कोण बोलते? चपला हातात घेऊन सारे गुपचूप बाहेर सटकले. भाषण संपवून साहेबानं डोळे उघडले, त सारा हॉल रिकामा, अन् समोर टेबलावर नाग फणा काढून डुलून राह्यला.


जन्मात पुरं भाषण आयकणारा एक भेटला, त त्याले बी कान नाहीत!