खालचा कप्पा

अण्णांच्या तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी आई साखरेचा पाक घेऊन परड्यातल्या मधपेट्यांकडे निघाली, तेव्हा मी तिला अडवलं. कोडोलीत अण्णांचा मध लोक डोळे मिटून विकत घेत.

“त्यांच्या नावावर भेसळ विकणार आहेस?”

“शिकून एवढंच डोस्कं चाललं व्हय तुझं? माश्यांच्या पोटाला हाय ह्यो. पावसात कुठं जातील त्या?”

“अण्णांनी कधी पाक ठेवला नाही. वरच्या कप्प्यातला मध आपला, खालचा पावसाळ्यासाठी माश्यांचा, असं म्हणायचे.”

“व्हय की.”

“मग खालचा मध गेला कुठे? कुणाला विकलास?”

आईने पातेलं खाली ठेवलं.

“शेवटी त्येस्नी पाणीबी गिळवत न्हवतं. मधाचं बोट तेवढं चाटत हुते. घरातला संपला, तवा मीच खालचं पोळं पिळलं.”

माझा आवाज उतरला. शुद्धीवर असते तर अण्णांनी तो मध तोंडाला लावला नसता, याची मला खात्री होती.

“त्यांना कळलं नाही ना?”

“खोटं सांगितलं मी. म्हनलं, बाजारातनं आणलाय.”

“आणि?”

“नुसत्या वासानं आपला मध वळखणारा माणूस त्यो. चाटला, माझ्याकडं लई येळ बघितलं. मग म्हनले, ‘बाजारातला बरा हाय की गं. आणि एक बोट दे.’”