गंबोचा काळसर रंग

वाकडला नव्याने उघडलेल्या क्रिओल हॉटेलात शरयूताईंनी गंबोची दुसरी वाटी मागवली आणि अच्युतरावांच्या पोटात दुखू लागलं. निवृत्तीनंतर हाच अमेरिकेतल्या लुईझियानाचा क्रिओल पद्धतीचा कोळंबी-भेंडीचा रस्सा ते पुस्तकांत वाचून घरी करत. बायकोने तो कधी दुसऱ्यांदा वाढून घेतला नव्हता.

"अहो, अस्सल म्हणतात तो हा. कसा काळसर, खमंग आहे. तुमचा पिवळाच राहतो."

अच्युतरावांनी खोट काढायला तीन चमचे चाखले. खोट सापडेना. शेवटी जळफळत, संकोचत ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. लुईझियानाहून आलेली थोराड स्वयंपाकीण गंबोला रंग आणणारं पीठ तेलात परतत होती. ते चॉकलेटच्या रंगावर आलं होतं.

"करपायची भीती नाही वाटत?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"वाटते ना. म्हणून तर इथून हलत नाही."

रविवारी घरी त्यांनी पीठ परतायला घेतलं. ते बदामी झालं, मग विटकरी.

"अहो, करपतंय, गॅस बंद करा," बाहेरच्या खोलीतून शरयूताईंची नेहमीची हाक आली.

आजवर या हाकेसरशी अच्युतराव गॅस बंद करत आले होते. आज त्यांनी दार लोटून घेतलं आणि ते ढवळत राहिले.