हाताचा गुण

आमच्या हिच्या पायांची आग सगळ्या वाडीला ठाऊक होती. शुगरनं नसा खराब झाल्यात, असं मुरूडच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. चादर तळव्यांना लागली तरी ही कळवळायची. म्हणून मुठेल, म्हणजे कोकमतेलाचा गोळा, मी रोज संध्याकाळी पळीत पातळ करायचो, निवल्यावर बोट बुडवून बघायचो, मगच हिच्या तळव्यांना चोळायचो. आज पडवीत पाय पसरून ही लेकीला फोनवर सांगत होती, “आता आग न्हाय गो. तुझ्या बाबांच्या हाताला गुण हाय.” ते ऐकून मी हरखलो आणि बोट बुडवायचं विसरून कढत पळी हिच्या तळव्यावर ओतली. चोळायला गेलो तर माझीच बोटं भाजली. हिचा पाय हललासुद्धा नाही. तळवा लाल होऊन फुगत होता. फोन कानाला तसाच धरून ही म्हणाली, “अहो, नुसते बसलात काय? तेल लावा ना.”