परमिट

"सिदू उतरला असेल. सोड लाइन," फोनवर इंजिनीअर अमरसिंह साहेब म्हणाले.

यशोधरा सबस्टेशनच्या खोलीत पॅनलसमोर उभी होती. सरपंच विठ्ठलरावांच्या गावाकडं जाणारी लाइन तिनंच अकरा वाजता बंद केली होती आणि हँडलला लाल पाटी अडकवली होती. लाइनमन सिदूनं फोनवरून परमिट घेतलं होतं. परमिट घेतलं म्हणजे माणूस खांबावर चढणार. काम झालं की खाली उतरून त्यानं स्वतः 'परमिट परत' म्हणायचं, तोवर इथून करंट सोडायचा नाही. आता साडेबारा होत आले होते आणि सिदूचा फोन बंद लागत होता.

"त्याचा फोन आला की लगेच सोडते, सर."

साहेबांनी तिला समजावलं. काम अर्ध्या तासाचं होतं. विठ्ठलरावांच्या पुतणीचं लग्न होतं, आणि साहेब स्वतः बीडला मीटिंगमध्ये बसले होते, तिथं फोनवर फोन येत होते. सिदू कायमचा माणूस होता आणि यशोधराला ठेकेदारानं अकरा महिन्यांसाठी घेतलं होतं, याचीही त्यांनी आठवण करून दिली. आवाज चढवला नाही. ती "हो सर" म्हणाली. हँडलला तिनं हात लावला नाही.

थोड्या वेळानं फाटकाशी जीप थांबली. विठ्ठलराव स्वतः आले, फेटा बांधलेला, सोबत चार माणसं. ते आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हते.

"बाई, मांडवात हजार माणूस हाय," ते म्हणाले. "मोटार बंद हाय, प्यायला पानी न्हाई. सिरसाळ्याचं वऱ्हाड येऊन बसलंय. कावून अडवून धरलंय?"

तिनं कारण सांगितलं. मागचा एक जण म्हणाला की साहेब सांगतात तरी ही ऐकत न्हाई, हिला नेमलं कुणी. यशोधरा त्याच्याशी बोललीच नाही. विठ्ठलरावांकडं बघून म्हणाली, "तो वर नसेलही, काका. पण मला इथून दिसत नाही. एक मोटारसायकल पाठवा. ओढ्याच्या अलीकडचा तिसरा खांब. त्याला इथं घेऊन या, त्याच मिनिटाला सोडते."

विठ्ठलरावांनी एकाला मानेनं खुणावलं.

वीस मिनिटं गेली. तेवढ्या वेळात तीनदा फोन वाजला. तिन्ही वेळा तिनं एकच उत्तर दिलं. शेवटच्या वेळी साहेब म्हणाले की हे सगळं तिला लेखी द्यावं लागेल.

मोटारसायकल आली. सिदू मागं बसलेला होता, मांडीवर जेवणाचा डबा. तो कधीच उतरला होता. फोनची बॅटरी संपली होती, म्हणून भाकरी खाऊन कुणाच्या तरी फोनवरून कळवावं असा त्याचा विचार होता. मघाचा माणूस मोठ्यानं हसला. विठ्ठलराव हसले नाहीत.

यशोधरानं सिदूला समोर उभं केलं आणि म्हणायला लावलं, "माणसं खाली. सामान खाली. परमिट परत." रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, पाटी काढली, लाइन सोडली.

पुढच्या आठवड्यात ठेकेदाराची खुलासा मागणारी नोटीस आली. त्याच पॅनलवर दुसऱ्या पाळीत काम करणारा सौरभ मायेनंच म्हणाला की साहेबांनी सांगितलं तर जबाबदारी साहेबांची, आपण कशाला डोकं लावायचं. तिनं नोटिशीला दोन ओळींत उत्तर दिलं : काय झालं ते, आणि पुन्हा वेळ आली तरी ती तेच करील हे. त्यावर कुणाचं काही आलं नाही. नोकरी राहिली की जाणार, हेही कुणी सांगितलं नाही. ती कामावर येत राहिली.

महिनाभरानं अमरसिंह साहेब जीपमधून चालले होते. रस्त्याकडेच्या लिंबाखाली तिघं लाइनमन बसलेले दिसले. शिडी खांबाला टेकवलेली, कमरेचे सुरक्षापट्टे काढून ठेवलेले. त्यांत सिदू होता. सव्वा वाजला होता. साहेबांनी जीप थांबवून विचारलं, काम का सुरू नाही.

"दोनला करतो, सर."

"आत्ता परमिट घ्या की. सौरभ आहे ना ड्युटीवर?"

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. सौरभ लई चांगला पोरगा हाय, सिदू म्हणाला, पण ज्याचा फोन येईल त्याचं ऐकतो. पाळी बदललीय, आता दोनला यशोधराताई येते.

साहेबांचा चेहरा ताठ झाला. "तिनं गावाचं लग्न खोळंबून ठेवलं होतं. आणि तू त्या दिवशी खाली जेवत बसला होतास."

"व्हय सर, मी खालीच होतो," सिदू म्हणाला. "पर ताईला मी वरच दिसत होतो."

अमरसिंहांनी मान वर करून खांबाकडं पाहिलं, पार शेंड्यापर्यंत. मग ड्रायव्हरला जीप बंद करायला सांगितली आणि दोराचं वेटोळं बाजूला सारून ते त्यांच्याशेजारी सावलीत बसले.