हव

पाच वाजता करडीच्या तलावाच्या ठेक्याचा ऑनलाइन अर्ज बंद होणार होता, आणि चार वाजून गेले होते. मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष धनराज लॅपटॉप मांडीवर घेऊन सचिव केवळरामच्या खाटेला लागून बसला. पंधरा दिवसांपूर्वी केवळरामला लकवा मारला होता. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. देवानं सगळं नेलं आणि ‘हव’ हा होकार तेवढा ठेवला.

“काका, मेन पासवर्ड मागून राहिलं,” धनराज म्हणाला. “अर्जाचा संस्थेचा पासवर्ड या तिजोरीतच आहे. ‘विसरलो’ दाबलं त निरोप ईमेलवर जाते, अन् ईमेलचा पासवर्डबी आतच.”

हे केवळरामला काय सांगायचं? ब्राउझरमधली ती पासवर्डांची तिजोरी त्यानंच बसवली होती. सगळं याच डब्यात, बाहेर कुठं नक्कल नाही, बनवणाऱ्यालाही उघडता येत नाही, असं त्यानं सभेत छाती फुगवून सांगितलं होतं. चावी त्याला आजही लख्ख आठवत होती. त्याच्या पहिल्या डोंग्याला, मासेमारीच्या लहान होडीला, तो मनातल्या मनात बिजली म्हणायचा. बिजली, आणि पुढं डोंगा घेतला ते साल. मागच्या दारातून तो डोंगा दिसतही होता, पालथा, वर मिरच्या वाळत घातलेला.

“तलावाचं नाव आहे का?”

नाही म्हणायला केवळरामनं तोंड उघडलं. “हव.”

धनराजनं टाइप केलं. चूक.

“आपल्या रंजूचं असन,” केवळरामची बायको सखाबाई म्हणाली. रंजू त्यांची लेक.

“हव.”

तेही चूक. चौथ्या होकारानंतर धनराज थांबला. “काका, मी तुमचा दुश्मन आहो का?”

“हव.”

तेव्हा कुठं त्याला कळलं.

त्यानं कीबोर्ड केवळरामच्या डाव्या हाताखाली सरकवला. रोजची अक्षरं, पण एकही ओळख देईना. शेवटी केवळरामनं तोच हात उचलून मागच्या दाराकडे केला.

“ऊन लागून राहिलं वाटते,” म्हणत सखाबाईनं दार लोटून घेतलं.

केवळरामला असा संताप आला की डोळे भरून आले. तलावावर साठ घरं जगत होती, त्यांची माणसं अंगणात बसली होती, आणि भंडाऱ्याच्या एका ठेकेदाराचा अर्ज सकाळीच पडला होता.

पाच वाजले. स्क्रीनवरचा अर्ज मिटला. धनराज लॅपटॉप बंद करून तसाच बसून राहिला, त्याला अंगणात जायचा धीर होईना. सखाबाईनं पदरानं नवऱ्याचे डोळे पुसले.

“म्हन्जे तलाव गेला का जी आपला?”

केवळरामनं सगळा जीव जिभेवर आणला. एकदाच, फक्त एकदाच त्याला नाही म्हणायचं होतं.

“हव.”